बिओबिओच्या पलीकडे

दक्षिण चिलीतला पाऊस मी पाहिलेला नाही, वाचलेला आहे. तो उत्तरेकडून येतो, समुद्रावरून, आडवा, वाऱ्याच्या पाठीवर बसून; तो झाडांचे शेंडे नमवतो, रानातल्या वाटा पुसून टाकतो, बिओबिओ नदीचं रुंद पात्र आणखी रुंद करतो आणि काठावरच्या मेढेकोटांच्या गवती छपरांतून ठिबकत राहतो, रात्रभर, आठवडाभर, अख्खा हिवाळाभर. सुमारे साडेतीनशे वर्षांपूर्वी एका वृद्ध शिपायानं तो कागदावर उतरवला. शाई केव्हाच वाळली. पाऊस अजून ओला आहे.

फ्रान्सिस्को नुन्येस दे पिनेदा इ बास्कुन्यान हे त्याचं नाव. सतराव्या शतकाच्या पहिल्या दशकात, चियान नावाच्या सरहद्दीवरच्या गावात तो जन्मला. वडील आल्वारो नुन्येस दे पिनेदा स्पेनच्या राजाच्या फौजेतले नामांकित सेनानी; आयुष्य त्यांनी त्या एकाच नदीच्या दोन्ही काठांवर, त्या एकाच शत्रूशी लढण्यात घालवलं. आई लवकर गेली. पोर जेझुइट पाद्र्यांच्या हाताखाली वाढलं, लॅटिन शिकलं, प्रार्थना शिकलं, आणि मग वडिलांनी त्याला फौजेत घातलं. मोठ्या बापाचा मुलगा, पण भरती झाला साधा शिपाई म्हणून. वडिलांच्या त्या हट्टाचा मी बराच विचार केला आहे. ज्यानं चिखलात आयुष्य काढलं, त्याला आपल्या मुलाच्या पायांनाही आधी तो चिखल लागावा असं वाटलं असेल का? की मुलाला देण्यासारखं त्याच्याजवळ दुसरं काही उरलंच नव्हतं?

कारण त्या सरहद्दीवर वारसा म्हणून युद्धच मिळत असे. मेक्सिको पडला होता, पेरू पडला होता, पण इथल्या मूळ रहिवाशांचा, मापुचेंचा मुलूख पडत नव्हता. स्पॅनिश गव्हर्नर पेद्रो दे वाल्दिवियाला १५५३ च्या नाताळात तुकापेलला त्यांनी मारलं. पुढे १५९८ च्या डिसेंबरात कुरालाबाच्या पहाटेच्या छाप्यात आणखी एक गव्हर्नर गेला, आणि त्यानंतरच्या पाच-सहा वर्षांत नदीच्या दक्षिणेची सात स्पॅनिश शहरं एकामागून एक जळाली किंवा सोडून द्यावी लागली. वाल्दिविया, इम्पेरियाल, आंगोल, ओसोर्नो. वियारिका तर तीन वर्षं वेढ्यात तग धरून होती. १६०२ मध्ये तीही संपली. चर्चच्या भिंतींतून झाडं उगवली. बिओबिओ ही हद्द ठरली, आणि तिच्यावर पहारा करायला गव्हर्नर आलोन्सो दे रिबेरानं कायमची फौज उभी केली. दोन हजार शिपायांची. तिच्यासाठी पेरूच्या खजिन्यातून दरसाल २,१२,००० दुकातांची नेमणूक झाली. पोतोसीच्या डोंगराच्या पोटातून उपसलेली चांदी समुद्रमार्गे या पावसाळी किनाऱ्यापर्यंत यायची. यायची म्हणजे वाटेत कापडात, टोप्यांत, दारूत बदलत, हातोहात महाग होत. शिपायाच्या ओंजळीत पडेपर्यंत तिचं कर्ज झालेलं असे.

आलोन्सो गोन्सालेस दे नाहेरा नावाचा एक अधिकारी त्या पहिल्या वर्षांत तिथे लढला आणि नंतर इटलीत बसून त्यानं त्या युद्धाचा ग्रंथ लिहिला. त्यातला शिपाई अनवाणी आहे, फाटका आहे, भुकेला आहे. मेढेकोट म्हणजे ओळीनं पुरलेले ओंडके, आत काही झोपड्या, बाहेर धुकं. त्या धुक्याकडे बघत तो उभा आहे. मला त्याचा पहारा दिसतो: बोटांवर फुंकर मारत, तोड्याच्या बंदुकीची जामगी छातीशी, कपड्याच्या आत, अंगाच्या उबेत धरून, कारण ती कोरडी असेल तरच बंदूक बंदूक असते, नाहीतर ते लाकूड, पलीकडच्या काठावर धूर दिसतो तो शेकोटीचा की इशाऱ्याचा याचा अंदाज घेत, पाण्यात पडलेल्या ओंडक्याला पोहणारा माणूस समजत, पहाट होण्याची वाट बघत. पहाट पावसातच होते. मग पुन्हा तेच.

आणि मध्येच कधीतरी नदी ओलांडायची असे. हे मला सांगितलंच पाहिजे, नाहीतर त्या शिपायाबद्दल वाटणारी कणव अर्धी खोटी ठरेल. १६०८ मध्ये राजानं फर्मान काढलं की युद्धात धरलेल्या मापुचेंना गुलाम करायला हरकत नाही. साडेदहा वर्षांवरचे मुलगे, साडेनऊ वर्षांवरच्या मुली. लुईस दे वाल्दिविया या जेझुइटाच्या आग्रहामुळे काही वर्षं हे थांबलं, १६२५ नंतर पुन्हा सुरू झालं. म्हणजे तो अनवाणी, कर्जबाजारी शिपाई थंडीतून उठून नदीपार जायचा तेव्हा शत्रूच्या बाणांइतकाच एका किमतीचाही विचार त्याच्या डोक्यात असे. पलीकडच्या घरात झोपलेल्या पोरीची किंमत. पगार न मिळालेल्या माणसाला त्या काठावर पगार दिसत असे. हा हिशेब कुणी त्याला शिकवला नव्हता. तो तिथल्या हवेतच होता, ओलाव्यासारखा.

तर १५ मे १६२९. मे म्हणजे तिकडे शरद सरत आलेला, रानात कोपिह्वेची लाल घंटाफुलं वेलींवर लटकलेली, दिवस लहान. लिएन्तूर हा मापुचेंचा सेनानी. कधीकाळी तो स्पॅनिशांचा मित्र होता, मग उलटला, आणि मित्र म्हणून शिकलेलं सगळं त्यांच्यावरच वापरू लागला. लास कांग्रेहेरासच्या माळावर त्यानं पिनेदाच्या तुकडीला गाठलं. उत्तरेचा वारा स्पॅनिशांच्या तोंडावर होता, पाऊस डोळ्यांत. जामग्या भिजल्या. बंदुका एकदा काय त्या वाजल्या, दुसऱ्यांदा नाहीच, आणि मग घोड्यांच्या टापा, लांब भाले, गदांचे घाव, आणि तो वीस-बावीस वर्षांचा कप्तान, लॅटिन शिकलेला, बापाच्या नावाखाली वाढलेला, उजव्या मनगटावर भाल्याचा वार घेऊन, मग डोक्यावर आणखी एक घेऊन, ओल्या गवतात कोसळला.

शुद्ध आली तेव्हा तो कुणाचा तरी होता.

माउलिकान हे त्या कुणाचं नाव. रेपोकुराच्या मुलखातला एक सरदार. तरुणानं आधी सांगून पाहिलं की मी कुणी नाही, पेरूहून नुकता आलेला गरीब शिपाई आहे. पण त्याला ओळखणारं कुणीतरी निघालंच. आल्वारोचा मुलगा! नाव फुटताच गर्दी गोळा झाली, भाले उंचावले, ज्याच्या बापानं आमची घरं जाळली त्याचं मुंडकं हवं असा आरडाओरडा सुरू झाला. आणि नेमक्या त्या क्षणी गर्दी फोडत घोड्यावरून आला तो लिएन्तूर, त्या दिवसाच्या विजयाचा धनी, आणि त्यानं या मुलाला वाचवलं. कारण तेच: तो आल्वारोचा मुलगा होता. शत्रू असून शब्द पाळणारा, कैद्यांना माणसासारखं वागवणारा म्हणून त्या म्हाताऱ्या सेनानीचं नाव नदीपलीकडेही होतं. ज्या नावामुळे मरायची वेळ आली, त्याच नावानं त्याला जगवलं. वडील आपल्याला काय देऊन ठेवतात हे बहुतेकांना फार उशिरा कळतं. पिनेदाला ते गळ्याशी भाला असताना कळलं.

मग ती नदी. पुरानं फुगलेली बिओबिओ, हिवाळी वादळ, घोड्यांवरून पार होणारे धरणारे आणि धरलेले. पुस्तकातली ती पानं वाचताना मला पाण्याचा आवाज इतका येतो की ओळी हलू लागतात. प्रवाहाच्या मध्यावर मालक कोण आणि कैदी कोण? तिथे सगळेच घोड्याची आयाळ घट्ट धरून बसलेले देह. पाणी कुणाचंही नाव विचारत नाही. पलीकडे पोचल्यावर मात्र पुन्हा एक जण माउलिकान झाला आणि दुसरा त्याचा कैदी. पण मला वाटतं, त्या पाण्यात दोघांचंही काहीतरी वाहून गेलं होतं.

पुढे जे त्याला पाहावं लागलं ते मी थोडक्यात सांगते, लांबवणं मला जमणार नाही. डोंगराकडच्या सरदारांच्या सभेत त्याच्याबरोबर धरलेल्या एका तरुण शिपायाला मध्ये आणलं. त्याच्या हातात काड्या दिल्या, जमिनीत खड्डा खणायला लावला, एकेका काडीला एकेका शूर स्पॅनिश कप्तानाचं नाव घ्यायला लावून त्या खड्ड्यात टाकायला सांगितल्या. तो नावं घेत असतानाच मागून गदा पडली. मग त्याचं काळीज काढलं. पिनेदा हे उभा राहून बघत होता, आणि पुढची पाळी आपली हे त्याला ठाऊक होतं. माउलिकाननं मुदत मागितली: आधी याला माझ्या घरी, माझ्या म्हाताऱ्या बापाला दाखवतो, मग बघू. त्या ‘मग बघू’वर एक आयुष्य तोललेलं होतं. ते सरदार शोधत आले तेव्हा माउलिकाननं त्याला रानातल्या झाडीत लपवलं. घरातून घरात, एका आप्ताकडून दुसऱ्या आप्ताकडे हलवलं. एका शत्रूच्या पोरासाठी स्वतःच्या लोकांशी वाकडं घेतलं.

आणि इथून पुढे ते पुस्तक उजळत जातं.

रुका म्हणजे मापुचेंचं गवती घर, लांबट, अंधारं, मध्ये चूल, जी विझू द्यायची नाही. धूर छपराला चिकटून काळा होतो आणि हळूहळू गवतातून बाहेर झिरपतो, त्यामुळे दुरून पाहिलं तर घर श्वास घेत असल्यासारखं दिसतं. तिथे तो पोरांच्यात झोपला, मेंढीच्या कातड्यांवर, एकमेकांच्या पाठीच्या उबेत. पहाटे, अजून तारे असताना, ती पोरं त्याला उठवून ओढ्यावर न्यायची. हिवाळा असो, दव गोठलेलं असो, अंघोळ पहाटेच करायची आणि ओढ्यातच. पहिल्या दिवशी थंडीनं त्याचा श्वास अडकला असेल. पाणी अंगावर नव्हे, हाडांवर पडलं असेल. पण मग अंग पेटून उठतं. उघड्यावर, काळोखात, पांढऱ्या वाफा निघणाऱ्या तपकिरी आणि गोऱ्या पाठी, ओरडणं, हसणं, ओढ्याचा खळखळाट, आणि पूर्वेला अँडीजची कड हळूहळू उजळू लागलेली. कैदेत असलेल्या माणसाला इतकं स्वच्छ वाटू शकतं? मेढेकोटात राहणाऱ्या शिपायाला तसं कधी वाटलं असेल असं मला वाटत नाही.

खायला भाजलेल्या धान्याचं पीठ पाण्यात कालवून, आपल्याकडच्या सातूसारखं. बटाटे, मका, कधी कोकरू. आणि चिचा, धान्याची किंवा फळांची आंबवलेली दारू, जिच्यासाठी दूरदूरचे नातलग जमत, नाचत, बोलत, भांडत, पुन्हा बोलत. ही चिचा स्ट्रॉबेरीचीही असे. ही मापुचेंच्या शेतातली स्ट्रॉबेरी फिकट आणि मोठी, शतकानुशतकं त्यांच्या हातांनी निवडून जोपासलेली. पुढे १७१४ मध्ये फ्रेझिए नावाच्या फ्रेंच अधिकाऱ्यानं कोन्सेप्सिओनहून तिची रोपं नेली. समुद्रप्रवासात त्यातली पाचच जगली. फ्रान्सच्या बागांत उत्तर अमेरिकेतल्या लहान, सुवासिक जातीशी तिचा संकर झाला, आणि आज महाबळेश्वरच्या लाल मातीत, पाचगणीच्या वाफ्यांत जे फळ टपोरं होतं ते त्याच संकराचं. त्या फळाचा टपोरेपणा मापुचे बायकांच्या बोटांकडून आला आहे हे कळल्यापासून ते तोंडात विरघळताना मला त्या धुराच्या घरांची आठवण येते, जणू मी तिथे जाऊन आले आहे.

पोरं त्याच्याकडून प्रार्थना शिकली. त्याला त्यांची भाषा येत होती. म्हातारे मात्र त्याच्याकडून काही शिकायला बसले नव्हते. ते त्याला शिकवत होते. चुलीभोवती, संथपणे, राग न चढवता ते त्याला सांगत राहिले की तुझे लोक पहिल्यांदा आले तेव्हा काय झालं: नदीच्या वाळूतून सोनं धुवायला कुणाला जुंपलं, कुणाच्या बायका नेल्या, पळून गेलेल्याला काय शिक्षा दिली. त्यांच्यात आंगानामोन होता. नदीच्या उत्तरेला या नावाचा एकच अर्थ होता: १६१२ मध्ये एलिकुराला तीन जेझुइटांना ठार मारणारा. पिनेदा ज्यांच्याकडे लहानाचा मोठा झाला त्यांच्या बंधूंचा मारेकरी. त्या माणसाच्या चुलीशी बसून त्यानं दुसरी बाजू ऐकली. माझ्या बायका, माझ्या मुली पळून तुमच्याकडे गेल्या. मी तह करायला तयार होतो, त्या परत मागितल्या. तुम्ही दिल्या नाहीत.

तो धूर डोळ्यांना झोंबला असेल. मला त्या क्षणाशी फार वेळ थांबावंसं वाटतं. हुतात्म्यांच्या कथा ऐकून वाढलेला एक मुलगा आणि त्या कथेतला खलनायक, समोरासमोर, मध्ये एकच चूल, आणि खलनायक त्याला खायला वाढतो आहे. पिनेदा त्याच्या बाजूचा झाला नाही. पण त्यानं ती बाजू लिहून ठेवली, सगळी, त्या म्हाताऱ्याच्या तोंडी, अडवून न धरता. शिपायाकडून मी याहून मोठं शौर्य मागणार नाही.

तिथे आणखीही कुणी होतं. सात शहरं पडली तेव्हा धरून नेलेल्या स्पॅनिश बायका, आता तीस वर्षांनी कुणाच्या आया, कुणाच्या आज्या झालेल्या. त्यांची गोरीसावळी मुलं मापुचेंची भाषा बोलत, मापुचेंच्या बाजूनं भाला धरत. त्यातल्या काहींना परत जायचंच नव्हतं. कुठे परत जायचं? जिथून आल्या ती घरं रानानं गिळली होती. नदीच्या एका काठावर सगळे आपले आणि दुसऱ्यावर सगळे परके, हा नकाशा गव्हर्नरच्या टेबलावर खरा होता. घरांच्या आत तो कधीच विरघळून गेला होता.

नोव्हेंबरच्या अखेरीला, तिकडे वसंत उतरत असताना, स्पॅनिशांच्या कैदेतल्या मापुचेंच्या बदल्यात त्याला सोडण्यात आलं. सहा-सात महिने. तो चियानला गेला, अधू झालेल्या, थकलेल्या वडिलांपुढे उभा राहिला. त्या भेटीचं वर्णन करायला मी धजणार नाही. दोघांनाही कळलं असेल की मुलाच्या रूपानं आल्वारोचं नावच नदीपार जाऊन, उघडं होऊन, शाबूत परत आलं आहे.

आणि मग? मग तो पुन्हा फौजेत गेला. हेच मला सर्वांत जड जातं. आपल्याला वाटतं, इतकं पाहिलेला माणूस शस्त्र खाली ठेवेल, पाद्री होईल, निदान दूर निघून जाईल. तो राहिला, पुढे वडिलांसारखाच मोठ्या हुद्द्यावर चढला. १६४१ मध्ये किलिनला तह झाला, कानेलोच्या पवित्र झाडाच्या फांद्या हातात धरून मापुचे आले, बिओबिओच्या दक्षिणेचा मुलूख त्यांचा म्हणून मान्य झाला. पण गुलामांचा बाजार तहानं थांबला नाही. गव्हर्नर आकुन्या इ काब्रेराचे मेहुणे माणसं पकडण्याच्या हव्यासापायी फौज घेऊन दक्षिणेत खोलवर घुसले, १६५४ मध्ये रिओ बुएनोवर माणसं बुडवून, मारवून आले, आणि पुन्हा जायला निघाले. १६५५ च्या फेब्रुवारीत सगळी सरहद्द पेटली. चियान ओस पडलं. त्याचं जन्मगाव.

तो तेव्हा पन्नाशीकडे झुकलेला होता. ज्या पोरांच्या पाठीला पाठ लावून तो झोपला होता, ज्यांना त्यानं प्रार्थना शिकवल्या, तीही आता तरणीताठी माणसं झाली असतील. दक्षिणेकडून आलेल्या घोडदळात त्यांपैकी कुणी होतं का? त्यानं भाल्याच्या टोकाशी कुणाचा चेहरा ओळखला का? अशा प्रश्नांनी एखाद्याला वेड लागावं. त्याला त्यांनी लिहायला बसवलं.

‘सुखाचा बंदिवास’ असं नाव त्यानं त्या ग्रंथाला दिलं, आणि त्याच्या पुढेच, त्याच नावात, चिलीच्या लांबलेल्या युद्धाची कारणं सांगण्याचं वचनही गुंफलं. वीस-बावीस वर्षांच्या मुलाचे ओढ्यावरचे दिवस आणि साठीतल्या माणसाचा संताप असे दोन प्रवाह त्यात शेजारून वाहतात. मध्येच लॅटिन वचनं येतात, धर्मग्रंथांचे दाखले येतात, लांबच लांब पाल्हाळ येतो; विद्वानांना तो कंटाळवाणा वाटतो. मला नाही वाटत. तो पाल्हाळ म्हणजे कुणीही ऐकत नसलेल्या माणसानं दिलेले पुरावे आहेत. युद्ध का संपत नाही? कारण ते चालू राहण्यात राज्यकर्त्यांचा फायदा आहे, परक्या अधिकाऱ्यांची लूट आहे, माणसं विकली जात आहेत म्हणून. हे तो शत्रूचा कळवळा म्हणून लिहीत नाही, राजाचा निष्ठावान शिपाई म्हणून लिहितो. १६७३ च्या सुमाराला तो लिहून संपवतो. काही वर्षांनी पेरूमध्ये त्याला एक अधिकारपद मिळतं आणि तिकडेच तो मरतो. हस्तलिखित पडून राहतं.

ते छापलं गेलं १८६३ मध्ये, सांतियागोला, दिएगो बार्रोस आरानानं, चिलीच्या जुन्या इतिहासकारांच्या मालिकेतला एक खंड म्हणून. स्पेनचं राज्य जाऊन अर्धशतक होत आलं होतं. चिली स्वतंत्र होता, आणि मापुचेही अजून नदीपलीकडे स्वतंत्र होते. त्याच्या आदल्याच वर्षी, १८६२ मध्ये, कोर्नेलिओ साबेद्राच्या फौजेनं दक्षिणेत घुसून आंगोल पुन्हा उभारलं होतं. पुढच्या वीस वर्षांत ठाण्यांच्या ओळी एकेक नदी ओलांडत खाली सरकल्या, आणि १८८३ च्या पहिल्या दिवशी रानात हरवलेली वियारिकाही त्यांनी गाठली. स्पेनला जे अडीचशे वर्षांत जमलं नाही ते प्रजासत्ताकानं वीस वर्षांत केलं. तेव्हा पावसानं जामग्या विझायचे दिवस उरले नव्हते.

मला त्या १८६३ सालाचा राग येतो, अजूनही. सांतियागोच्या छापखान्यात जुळारी खिळे जुळवत होते: माउलिकानचं घर, पोरांची पहाटेची अंघोळ, आंगानामोनची तक्रार, सगळं भूतकाळ म्हणून, अभ्यासकांसाठी, पानांना क्रमांक घालून. आणि ज्यांच्या पूर्वजांच्या घरची ही हकिगत होती ती माणसं तेव्हा त्याच मुलखात, तशाच घरांत राहत होती, आणि त्यांच्या अंगणापासून काही दिवसांच्या वाटेवर तोफा येऊन थांबल्या होत्या. त्यांना कुणी हे पुस्तक वाचून दाखवलं नाही. तोफांबरोबर आलेल्यांना वाचून दाखवायला हवं होतं.